मुठीएवढे पिस्तूल

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. वरच्या वर्गाला मी पहिल्या महायुद्धाची कारणे शिकवीत होतो. साराजेव्हो हे गाव, २८ जून १९१४ ही तारीख, ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड, त्याची पत्नी सोफी आणि त्यांच्यावर गोळ्या झाडणारा गाव्रिलो प्रिन्सिप, एवढे फळ्यावर लिहून झाले होते. बाहेर पत्र्यावर पाऊस ताशासारखा वाजत होता. मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला.

"गुरुजी, ते पिस्तूल केवढं होतं?"

"खाली बस. असला प्रश्न परीक्षेत येत नाही," मी म्हणालो.

वर्ग हसला. मुलगा बसला. पण संध्याकाळी चहाचा पेला हातात घेतल्यावर तो प्रश्न पुन्हा समोर येऊन उभा राहिला. मुलाला मी का दटावले? प्रश्न वेडगळ होता म्हणून नव्हे, तर मला उत्तर ठाऊक नव्हते म्हणून. मास्तरकीचा हा जुनाच रोग आहे. त्यातून मी पडलो कादंबरीकार. माझ्या एका कादंबरीत, १८५० च्या सुमाराला, कोकणातला एक सावकार बंडीच्या खिशातून पिस्तूल काढतो आणि धडाधड सहा गोळ्या झाडतो. त्या प्रसंगाचे दोन-तीन परीक्षकांनी कौतुकही केले. सहाबारी पिस्तुले तेव्हा निघाली होती हे खरे. पण ती कमरेला लावून हिंडायची चीज. खिशात सहज मावे ते बहुतेक एकबारी. म्हणजे माझ्या सावकाराला पहिला बार उडाल्यावर पळत सुटावे लागले असते! एकाही वाचकाने ही चूक दाखविली नाही. ती मीच आता दाखवितो, आणि त्या मुलाच्या प्रश्नामागे मी कुठवर भटकलो ते सांगतो.

खिशातल्या पिस्तुलाचा इतिहास सांगायचा तर फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरपासून सुरुवात करावी लागते. याच्याआधी लहान पिस्तुले नव्हती असे नाही. चकमकीच्या काळातही प्रवासी माणसे कोटाच्या बाहीत, बायका हातमोज्यांच्या लोकरी थैलीत लहान पिस्तुले बाळगीत. परंतु ज्याचे नाव त्या वस्तूलाच चिकटले असा कारागीर हा एकच. जन्म १७८६ चा, पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावी. बाप जर्मनीहून आलेला, तोही बंदुका करणारा. मुलाने व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरी उमेदवारी केली आणि १८०६ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, फिलाडेल्फियात स्वतःचे दुकान थाटले. पुढली कितीतरी वर्षे तो सरकारला लष्करी बंदुका करून देई. पश्चिमेकडे हुसकावल्या जाणाऱ्या रेड इंडियन टोळ्यांना सरकार ज्या बंदुका वाटी, त्याही त्याच्या दुकानातून जात. जमीन घ्यायची आणि बदल्यात बंदूक द्यायची, असा तो व्यवहार.

लहान पिस्तुलांकडे तो वळला तेव्हा पन्नाशी उलटलेली होती. आणि इथे त्याच्या हाताला यश आले. त्याचे पिस्तूल पाहावे तर चिमणीच्या आकाराचे. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, त्याचे टोक पक्ष्याच्या डोक्यासारखे वाकलेले. मुठीवर हात घसरू नये म्हणून बारीक चौकड्यांची नक्षी. चापाभोवतीची कडी जर्मन सिल्व्हरची, तिच्यावर वेलबुट्टी. आखूड नळी, पण आतले छिद्र मात्र भले मोठे, कारण गोळी जड हवी. पल्ला म्हणाल तर चार-सहा हात. पत्त्यांच्या टेबलाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. यापेक्षा लांब मारा करण्यासाठी ते केलेलेच नव्हते.

ही ठासणीची पिस्तुले. तोंडाकडून दारू घालायची, गोळी ठासायची, आणि मागच्या टोचणीवर तांब्याची टोपी बसवायची. घोडा त्या टोपीवर आपटला की ठिणगी आत जाते. एक बार, बस्स. दुसरा बार हवा तर पुन्हा पहिल्यापासून सारे. म्हणून डेरिंजरची पिस्तुले बहुतेक जोडीने विकली जात. डाव्या खिशात एक, उजव्या खिशात एक. काहींच्या मुठीत जास्तीच्या टोपीसाठी इवलीशी डबी कोरलेली असे. गिऱ्हाईक जसे असेल तसा माल. कुणाला दीड इंचाची नळी हवी, कुणाला सहा इंचांची. कुणाला चांदीची पट्टी आणि तिच्यावर आपले नाव. मेम्फिस, न्यू ऑर्लिन्स, सॅन फ्रान्सिस्को इथले अडत्ये आपलेही नाव नळीवर घालून घेत. आपल्याकडे तांब्याच्या हंड्यावर देणाऱ्याचे नाव घालतात, त्यातलाच प्रकार.

आणि घरी आणल्यावर ते पिस्तूल रुळवावे लागे. आपली कोल्हापुरी वहाण जशी आधी तेल पिते, मग पायाला चावते आणि महिन्या-दोन महिन्यांनी आपली होते, तसेच. कारखान्यातून निघणाऱ्या मालाचे सर्व नग सारखे असतात. हाताने घडलेल्या दोन वस्तू सारख्या नसतात. एकाच जोडीतली दोन पिस्तुलेसुद्धा. एकीला जी दारू मानवते ती दुसरीला मानवेलच असे नाही. चाप कुणाचा हलका, कुणाचा जड. मालकाने आधी आपल्या पिस्तुलाचा स्वभाव ओळखायचा. तेलाचा थेंब टोचणीत राहिला तर ऐन वेळी टोपी नुसती फुटे आणि दारू पेट घेत नसे. म्हणून भरण्यापूर्वी एक-दोन टोप्या रिकाम्या फोडून ती वाट कोरडी करून घेण्याची चाल होती. दमट हवेत भरून ठेवलेली दारू मंदावते, म्हणून सकाळी जुना बार उडवून ताजा भरणारे सावध लोक होते. आमच्या कोकणातल्या आषाढात त्या पिस्तुलाचे काय झाले असते याची कल्पनाच केलेली बरी. माझ्या सावकाराचे, सहा बार राहोत, पहिलाही उडाला नसता!

१८४९ साली कॅलिफोर्नियात सोन्यासाठी झुंबड उडाली आणि डेरिंजरचे नशीब फळफळले. खाणीवर जाणारा, जुगाराच्या अड्ड्यावर बसणारा, न्यायाधीश, नटी, जो तो फिलाडेल्फियाची जोडी मागू लागला. मागणी वाढली की नक्कल आलीच. डेरिंजरने आपल्या पिस्तुलांसाठी पेटंट घेतलेले नव्हते. त्याच्याकडेच शिकून बाहेर पडलेल्या कारागिरांनी तशीच पिस्तुले तयार केली, आणि त्यांच्यावर त्याचाच छाप उठविला. दुसऱ्या एका मंडळीने तर कमाल केली. त्याच शहरात जॉन डेरिंजर नावाचा एक शिंपी होता. त्याला नावापुरता धंद्यात घेतले आणि त्याच्या हक्काने पिस्तुलांवर 'डेरिंजर' कोरायला सुरुवात केली. बिचाऱ्याच्या हातात आयुष्यभर सुई! हे वाचले तेव्हा मी मोठ्याने हसलो, आणि मग लगेच वाईट वाटले. पन्नास-पन्नास वर्षे कानस चालवून मिळविलेले नाव असे शिंप्याच्या खांद्यावरून चोरले जावे!

सॅन फ्रान्सिस्कोचा ए. जे. प्लेट हा व्यापारी अशा नकली पिस्तुलांचा मोठा विक्रेता. म्हाताऱ्याने त्याच्यावर दावा लावला. त्या राज्यात १८६३ साली व्यापारी चिन्हांच्या नोंदणीचा कायदा झाला होता. प्रतिपक्षाचे म्हणणे असे की डेरिंजरने चिन्ह नोंदविलेच नाही, मग हक्क कसला? तो दावा वरच्या न्यायालयापर्यंत गेला आणि १८६५ साली निकाल लागला: नोंदणी नसली तरी ज्याने चिन्ह आधी वापरले आणि बाजारात चालविले त्याचा हक्क राहतोच. व्यापारी चिन्हांच्या कायद्यात हा निकाल अजून सांगितला जातो. म्हातारा जिंकला. पण गंमत पाहा, कायद्याच्या पुस्तकात त्या खटल्याचे नाव छापले गेले तेच मुळी चुकीचे. त्याच्या नावात इंग्रजी 'आर' एकच. छापताना दोन पडले. ज्या नावासाठी भांडला, तेच नाव न्यायालयाच्या दप्तरात बिघडले.

आणि ते साल होते १८६५. त्याच वर्षी १४ एप्रिलला, शुभ शुक्रवारच्या रात्री, वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहात अध्यक्ष अब्राहम लिंकन 'अवर अमेरिकन कझिन' हे विनोदी नाटक पाहायला बसले होते. यादवी युद्ध संपत आले होते. चार वर्षांत प्रथमच माणूस सैल होऊन हसत होता. जॉन विल्क्स बूथ हा स्वतः नावाजलेला नट. नाटक त्याला पाठ. कोणत्या वाक्याला प्रेक्षक सर्वांत जास्त हसतात हे तो जाणून होता. रंगमंचावर हॅरी हॉक हा एकटाच नट होता. ते वाक्य आले, नाट्यगृह खदखदून हसले आणि त्या हास्यात पिस्तुलाचा बार विरघळला. सकाळी सात वाजून बावीस मिनिटांनी लिंकन गेले.

ते पिस्तूल डेरिंजरचे होते. सहा इंचांहून किंचित कमी लांब, वजन पाव किलोच्या आसपास. आपल्या चांदीच्या पानाच्या डब्याहून हलके. एकच बार असल्यामुळे बूथने सोबत सुरा आणला होता. गोळी झाडताच पिस्तूल तिथेच टाकून त्याने मेजर रॅथबोन याच्या दंडावर सुरा चालविला आणि खाली रंगमंचावर उडी घेतली. गोंधळ पांगल्यावर विल्यम केंट नावाचा एक माणूस हरवलेल्या किल्ल्या शोधायला परत त्या सज्जात गेला. अंधारात त्याच्या पायाला काहीतरी लागले. किल्ल्या नव्हत्या.

तेव्हापासून देशभरच्या वर्तमानपत्रांनी 'डेरिंजर' हा शब्द घरोघरी नेला, पुन्हा दोन 'आर' घालून. पाहता पाहता ते विशेषनाम राहिले नाही, सामान्यनाम झाले. कुणाचेही खिशातले पिस्तूल असो, ते डेरिंजर. रेमिंग्टन कंपनीने १८६६ साली दोन नळ्या एकावर एक बसविलेले, धातूच्या काडतुसांचे लहान पिस्तूल काढले. तेही डेरिंजर म्हणूनच खपले आणि १९३५ पर्यंत बाजारात राहिले. मूळ हेन्री डेरिंजर १८६८ साली एक्याऐंशीव्या वर्षी वारला. उभ्या हयातीत आपले नाव आपलेच राहावे म्हणून झगडला. आणि ते अखेर सर्वांचे झाले, तेही एका खुनाच्या निमित्ताने. शुद्धलेखनाच्या वह्या तपासण्यात माझे निम्मे आयुष्य गेले आहे, म्हणून असेल कदाचित, पण तो जास्तीचा 'आर' मला अजून टोचतो.

काडतुसे आली तशी ठासणीची कटकट गेली. मधल्या पंचवीस-तीस वर्षांचा इतिहास मी भरभर ओलांडतो. त्यात पेटंटांची भांडणे फार आणि माणसे थोडी. एकच गोष्ट सांगतो. अमेरिकेतल्या स्मिथ आणि वेसन यांनी १८८७ साली खिशातले एक रिव्हॉल्वर काढले. त्याचा घोडा आत झाकलेला, आणि मुठीच्या मागे एक दांडी; मूठ पूर्ण आवळली तरच चाप सुटायचा. एका लहान मुलाने घरातले रिव्हॉल्वर हाताळून अपघात केल्याचे वेसनच्या कानावर आले, म्हणून त्याने ही युक्ती काढली, असे सांगतात. लोक त्याला लिंबू पिळायचे पिस्तूल म्हणत. झाकलेल्या घोड्याचा दुसरा फायदा असा की खिशाच्या अस्तरात काही अडकत नाही. पुढे १९२० नंतर कोल्ट कंपनीतला जॉन हेन्री फिट्झजेरल्ड हा माणूस तर मोठी रिव्हॉल्वरेच कापून-तासून खिशाजोगी करून देऊ लागला. मालकाचा हात पाहून पिस्तूल बेतायचे, कोट बेततात तसे. शिंपी पुन्हा आलाच म्हणायचा!

आता बेल्जियमकडे वळू. लीज शहरात शेकडो वर्षे बंदुका होत आल्या. बापाने नळी घडवायची, लेकाने लाकूड कोरायचे, शेजाऱ्याने नक्षी काढायची, असा घरोघरचा धंदा. १६७२ सालापासून तिथे बंदुकांची परीक्षा घेण्याची व्यवस्था होती. नव्या नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढायचा. फुटली तर फुटली. टिकली तर तिच्यावर शहराच्या खांबाचे चिन्ह उमटवायचे. जन्मल्याबरोबर सर्वांत कठीण पेपर, आणि उत्तीर्ण झाल्याशिवाय दुकानाचे तोंड पाहायचे नाही. शिक्षणखात्यालाही इतकी कडक परीक्षा सुचलेली नाही.

लीजजवळच्या हेर्स्ताल गावी १८८९ साली फाब्रिक नासिओनाल हा कारखाना निघाला, सरकारला दीड लाख माउझर रायफली पुरविण्यासाठी. रायफली झाल्या, काम आटले. मग कारखाना सायकलींकडे वळला. त्या कामी १८९७ साली हार्ट बर्ग हा कारखान्याचा माणूस अमेरिकेतल्या हार्टफर्डला गेला, सायकली कशा करतात ते पाहायला. परतताना सायकलीऐवजी पिस्तूल घेऊन आला! तिथे त्याची गाठ जॉन ब्राउनिंगशी पडली. ब्राउनिंग हा यूटा प्रांतातल्या ऑग्डेन गावचा, १८५५ चा जन्म, बाप बंदुका दुरुस्त करणारा. हा गृहस्थ कागदावर फारसे काही काढीत नसे. पत्रे कापून, लाकूड तासून, हातानेच विचार करी. त्याच्या डोक्यातून निघालेल्या पिस्तुलात गोळी सुटताना जो धक्का बसतो तोच धक्का रिकामे काडतूस बाहेर फेकतो आणि भरलेले वर आणतो. माणसाने फक्त चाप ओढायचा. १९०० सालचे त्याचे पिस्तूल चपटे, कोटाच्या आतल्या खिशात न फुगता बसणारे, आणि पोटात सात गोळ्या. त्याची सात लाखांवर विक्री झाली. फ्रान्सपासून रशियापर्यंत 'ब्राउनिंग' हा शब्द पिस्तुलाला पर्याय झाला. डेरिंजरसारखेच झाले, मात्र या गृहस्थाला त्याचे पैसे मिळाले. युरोपात बेल्जियमचा कारखाना आणि अमेरिकेत कोल्ट, असे दोन्हीकडे त्याचे करार होते.

इथून हा इतिहास आपल्या घराजवळ येतो.

१९०९ साल. लंडनमध्ये शिकणाऱ्या मदनलाल धिंग्रांनी जानेवारीत होबर्नच्या गॅमेज या दुकानातून कोल्टचे एक पिस्तूल विकत घेतले, किंमत तीन पौंड पाच शिलिंग. कोल्टचे म्हणजे पुन्हा ब्राउनिंगच्याच डोक्यातले. मग टॉटनहॅम कोर्ट रोडवर नेमबाजीची एक जागा होती, तिथे ते आठवड्यातून दोन-तीनदा जाऊ लागले. तिथल्या मालकाची साक्ष पुढे खटल्यात झाली. १ जुलैच्या संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला ते आले, अठरा फुटांवरून बारा गोळ्या झाडल्या, त्यांतल्या अकरा नेमक्या लागल्या. त्याच रात्री इंपीरियल इन्स्टिट्यूटच्या समारंभात त्यांनी कर्झन वायलीला मारले; मध्ये धावलेले डॉक्टर लालकाका हेही पडले. ती साक्ष मी पुष्कळ वेळा वाचली आहे. संपत्तीतून बाहेर पडलेला, उत्तम कपडे करणारा एक पंजाबी तरुण, भाड्याच्या जागेत, परक्या शहरात, तीन महिने एका वस्तूला आपल्या हाताची करीत होता. आणि शेजारी उभ्या असलेल्या दुकानदाराला नेम दिसत होता, लक्ष्य दिसत नव्हते.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला विनायकराव सावरकरांनी २० ब्राउनिंग पिस्तुले आणि काडतुसे मुंबईला रवाना केली होती. इंडिया हाउसमध्ये स्वयंपाक करणारे चतुर्भुज अमीन हिंदुस्थानात परतत होते. त्यांच्या सामानातल्या एका पेटीला दुहेरी तळ केला होता, त्यात हा माल. डेरिंजरच्या काळात वीस ठासणीची पिस्तुले, दारू आणि टोप्या अशा लपवून आणणे कठीणच गेले असते. चपटे आणि लहान, हा गुण कुणाच्या खिशासाठी शोधून काढला आणि कुठे उपयोगी पडला!

२१ डिसेंबर १९०९. नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात किर्लोस्कर मंडळींचा देवलांच्या 'शारदे'चा प्रयोग. कलेक्टर जॅक्सन याची मुंबईस बदली झाली होती, त्याच्या निरोपाचा हा समारंभ. हा जॅक्सन संस्कृतचा चांगला अभ्यासू, लोक त्याला 'पंडित जॅक्सन' म्हणत. आणि बाबाराव सावरकरांच्या खटल्यातही त्याचा हात होता. औरंगाबादेस शिकणारा अनंत कान्हेरे, मिसरूड नुकते फुटलेले पोर, नाट्यगृहात वाट पाहत होता. जॅक्सन आत येत असतानाच त्याने ब्राउनिंग काढले आणि गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे फाशी गेले. त्या पेटीच्या दुहेरी तळामुळे सावरकरांना दुसरी जन्मठेप झाली.

दोन्हीकडे नाट्यगृह, दोन्हीकडे खिशातले पिस्तूल. ४४ वर्षांचे अंतर. पण बूथ आणि कान्हेरे यांना एका तराजूत घालायला मी धजत नाही, आणि वाचकांनीही घालू नये. हेतू निराळे, काळ निराळा, देश निराळा. एकच गोष्ट सारखी, की लोखंडाला त्यातले काहीही कळत नाही.

मग साराजेव्हो. प्रिन्सिप आणि त्याचे साथीदार यांनी बेलग्रेडजवळच्या कोशुतन्याकच्या रानात नेमाचा सराव केला होता. हातात आलेली ब्राउनिंगची १९१० ची पिस्तुले अगदी नवी होती. त्यांच्यावर एक नव्हे, तीन निर्धोकपणाच्या कळा बसविलेल्या. लहान मुलाच्या हाती पडले तरी अपघात होऊ नये इतकी काळजी. प्रिन्सिप तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. दोन गोळ्या झाडल्या; दोन्ही लागल्या. वीस वर्षे पुरी नसल्यामुळे त्याला फाशी देता आली नाही. क्षयाने झिजून तो १९१८ च्या एप्रिलमध्ये तुरुंगात मेला, तोवर महायुद्धात लाखो माणसे पडली होती.

आणखी एक प्रसंग सांगायचा राहतो. तो टाळावा असे मनात होते. दिवाळीचा अंक आहे, घरात लहान मुले वाचतील. पण इतिहास शिकविणाऱ्याने एवढेच पान फाडून कसे चालेल? १९४८ च्या जानेवारीत, २० तारखेच्या सकाळी, दिल्लीच्या हिंदू महासभा भवनामागच्या रानात चार-पाच माणसे दोन रिव्हॉल्वरे तपासून पाहत होती. एकाचे चक्र फिरेना. दुसऱ्याची गोळी समोरच्या झाडापर्यंत पोचेना. मग हॉटेलच्या खोलीत बसून तेल घालून दुरुस्तीचा खटाटोप झाला. हे सारे खटल्याच्या साक्षीत आले आहे. त्या दिवशीचा बेत फसला. पुढे ग्वाल्हेरहून एक बेरेटा पिस्तूल मिळविले गेले. बेरेटा हे घराणे इटलीतल्या गार्दोने गावचे. १५२६ साली त्यांनी व्हेनिसला १८५ नळ्या पुरविल्याची नोंद आहे, इतके जुने. ते पिस्तूल मात्र दुरुस्तीचे नव्हते. ३० जानेवारीच्या संध्याकाळी प्रार्थनेला निघालेल्या म्हाताऱ्या माणसावर त्यातून तीन गोळ्या सुटल्या. तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. पण आमच्या आजीने त्या दिवशी चूल पेटविली नव्हती, हे घरात अजून सांगतात.

या पिस्तुलांचे पुढे काय झाले? प्रिन्सिपचे पिस्तूल, क्रमांक १९०७४, युवराजाला अखेरचे संस्कार देणाऱ्या पुंटिगाम नावाच्या जेझुइट पाद्र्याजवळ गेले. त्याला त्याचे संग्रहालय करायचे होते. ते झाले नाही. पिस्तूल पाद्र्यांच्या मठात पडून राहिले आणि २००४ साली उजेडात आले. आता ते व्हिएन्नाच्या लष्करी संग्रहालयात आहे. बूथचे पिस्तूल फोर्ड नाट्यगृहातच काचेमागे ठेवले आहे. त्याच्याविषयी मध्यंतरी अशी बोंब उठली की १९६० नंतर कधीतरी चोरांनी खरे पिस्तूल लांबविले आणि नकली ठेवले. नकलीचे भूत डेरिंजरच्या मागे मेल्यावरही लागले म्हणायचे! १९९७ साली एफ. बी. आय.च्या प्रयोगशाळेने तपास केला. १९३० नंतरच्या दहा वर्षांतले जुने फोटो काढले आणि शेजारी ठेवून पाहिले. नळीवरचे गंजाचे खड्डे तेच. अक्रोडाच्या लाकडातली भोवऱ्यासारखी रेषा तीच. दस्त्याची चीर तीच. नळीच्या आतल्या पिळदार खाचा डावीकडे वळलेल्या. एरवी डेरिंजर त्या उजवीकडे वळवीत असे. हाताने केलेल्या मालातला हा वेगळेपणाच शेवटी त्याची ओळख ठरला. पिस्तूल अस्सल निघाले. त्यावर म्हाताऱ्याचे नाव आहे, एकाच 'आर'चे.

शाळा सुरू झाल्यावर मी त्या वर्गात गेलो. त्या मुलाला उभे केले आणि म्हणालो, "परवा तू विचारलंस ना, ते पिस्तूल केवढं होतं? सहा इंच. अर्ध्या किलोहून जरासं जड. तुझी कंपासपेटी काढ पाहू."

त्याने दप्तरातून पेटी काढून बाकावर ठेवली. सगळा वर्ग वाकून पाहू लागला. कुणी हसले नाही.

"एवढंच?" तो म्हणाला.

"एवढंच."

त्याने पेटी उचलून खिशात घालून पाहिली. अर्धी बाहेर राहिली. मग त्याने ती काढली, उघडली, आतला कर्कटक नीट ठेवला आणि झाकण लावले. मी फळ्यावर पुढच्या धड्याचे नाव लिहिले.